शेलूबाजार ते न्यूझीलंड

"भरली म्हणजे निघालोच," असं म्हणत ते जीपच्या बॉनेटवर थाप मारायचे. आत माणसं घामानं निथळलेली, कुणाच्या मांडीवर पिशवीतली कोंबडी, आणि गाडी जागची हललेली नसायची. कुणी कुरकुर केली की पुन्हा थाप, पुन्हा तेच वाक्य. काळी-पिवळीनं फिरला असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. शेलूबाजारहून मंगरूळपीरला शाळेत जाताना मी रोज त्यांच्या जीपमध्ये असायची. मी त्यांना काका म्हणायची, पण "आले", "जाते" याच्या पलीकडे आमचं बोलणं कधी झालं नव्हतं.

एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "तुमची पोट्टी पाहिजे थोडी. रविवारी सकाळी. फोनवर इंग्रजी बोलाले."

बाबा म्हणाले, "अहो, ही घरात मराठी बोलत नाही, तर इंग्रजी काय बोलणार?"

"म्हणूनच तर आलो," काका म्हणाले. "इंग्रजी शाळेतल्या दुसऱ्या पोट्ट्या लय बोलतात. आमच्या घरातलं गावभर करतील. हिच्या तोंडून काही निघत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याला कुणीतरी गुण म्हटलं होतं. मी गेले.

त्यांचा धाकटा भाऊ शिकून न्यूझीलंडला गेला होता. तिथंच तो आणि त्याची बायको गाडीच्या अपघातात गेले. मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवलेली चार वर्षांची रेवा तेवढी वाचली. तिकडच्या सरकारनं तिला एका बाईंच्या घरी सांभाळायला ठेवलं होतं. काका-काकूंना मूल नव्हतं. रेवाला दत्तक घेऊन इकडे आणायचं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. निकाल तिकडच्या कोर्टाचा, आणि इकडच्या अधिकाऱ्यांनी घर पाहून कळवायचं. दत्तक हा शब्द काकांना आवडत नसे. "दत्तक कायचं? घरचीच हाय ते. कागदावर म्हना तसं."

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसायचे. फोन मुरमुऱ्यांच्या डब्याला टेकवलेला. रेवा दिसली की ते ओरडायचे, देश लांब आहे म्हणून. "जेवली का, माय? काय जेवली?" मी इंग्रजीत विचारायची. ती सांगायची, पास्ता, मासा, कधी नुसतं सफरचंद. एवढंच. मग काकू पदर सावरत पुढे सरकायच्या, पडद्यावर बोट फिरवायच्या आणि त्यांच्या बोटानं फोन बंद पडायचा.

सुरुवातीला रेवा त्यांना "मोठेबाबा" आणि काकूंना "मोठीआई" म्हणायची. तिच्या आईनं शिकवलेले शब्द. "पाणी" येत होतं, "नको" येत होतं.

जीप स्टँडवर ही बातमी लपली नाही, मी गप्प राहूनसुद्धा. कारण काका स्वतःच सांगत सुटले. बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "न्यूझीलंड म्हणजे थेच ना, जिथली मॅच पाहाले पहाटे उठा लागते?" त्यातला एक रोज गाडीत तोंड घालून ओरडायचा, "मंगरूळ, कारंजा, न्यूझीलंड! भरली का?" काका हसायचे. पण एक म्हातारे प्रवासी एकदा म्हणाले, "एवढा खटाटोप करून राह्यला, पोरगं तरी असतं." तेव्हा काका हसले नाहीत. आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आबाजी, तुमाले पानी कोन देते घरी? सूनच ना? तेबी कोनाची पोरगीच हाय."

घर पाहायला वाशिमहून मॅडम येणार होत्या. त्याआधी काकांनी मागची धान्याची खोली रिकामी करून तिला गुलाबी रंग दिला. रंग इतका भडक निघाला की काकू म्हणाल्या, "पोरगी झोपन का डोळे झाकून बसन?" इंग्रजी पद्धतीचा संडास बांधला आणि त्यावर बसायला काका स्वतः लाजत होते. तंबाखूचा खर्रा सोडला. पंधरा वर्षांची सवय. तो महिना प्रवाशांनी जीव मुठीत धरून काढला, इतके ते चिडचिडे झाले होते. दिवसभर बडीशेप चघळायचे.

मॅडमनी विचारलं, "मूल घेण्यामागचा तुमचा उद्देश काय?"

काका गोंधळले. माझ्याकडे पाहू लागले, जणू हेही मी इंग्रजीतून मराठीत करायचं होतं. मग म्हणाले, "उद्देश कायचा, मॅडम? भाऊ नाही राह्यला. त्याची लेक हाय. आमी हावो."

मॅडमनी चांगलंच लिहून पाठवलं असावं. तरी काही हललं नाही. कधी तिकडून एखादा कागद कमी पडायचा, कधी इकडून. कुणी विचारलं की काका म्हणायचे, "केस चालू हाय." माझी दहावी झाली, बारावी झाली. मी कॉलेजसाठी अकोल्याला राहू लागले, पण शनिवारी संध्याकाळी घरी यायची.

रेवा मोठी होत होती आणि ते आम्हाला त्या छोट्या पडद्यावर आठवड्याच्या तुकड्यांत दिसायचं. केस कापले. पुढचा दात पडला. "पाणी" गेलं, मग "नको" गेलं. "मोठेबाबा" राहिलं, पण ते आता नातं वाटत नव्हतं, दोन तुकड्यांचं एखादं परकं नाव वाटत होतं. काकांच्या ते लक्षात आलं की नाही, मला कळत नसे. मी विचारलंही नाही. तसं विचारण्याचा माझा स्वभाव नाही.

मग एका रविवारी रेवाच्या शेजारी तिकडच्या एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, रेवा आता आठ वर्षांची आहे, तिला काही विचारायचं आहे. रेवानं बराच वेळ आपल्या बाहीचं टोक चावलं. मग विचारलं, मी तिकडे आले तर मम्मी पण येईल का?

मी मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "तिची मम्मी तर..." आणि थांबले. पडद्याच्या कडेला, रेवाच्या मागे, तिला सांभाळणाऱ्या बाईंचा हात दिसत होता. रेवानं तो हात धरून ठेवला होता.

काकांनी नेहमीचं विचारलं, काय जेवली. तिनं सांगितलं. फोन संपला.

पुढचे काही दिवस जीप स्टँडवर उभीच होती. शनिवारी मी घरी आले, तर काका त्यांच्या ओट्यावर बसलेले. मला बोलावून म्हणाले, "आमच्या धंद्यात एक नियम हाय. रांगेत नंबर कोनाचाबी असो, एका गाडीत बसलेल्या मानसाले दुसऱ्यानं हात धरून उठवाचं नाही."

आतून काकूंचा आवाज आला. "थे का पॅसेंजर हाय? आपली लेक हाय थे."

काकू दारात आल्या. हाताला पीठ लागलेलं. "चार वर्सं झाली. खोली करून ठेवली. लोकायले सांगून ठेवलं. आता काय सांगू मी?"

"एकदा आई गेली तिची," काका अगदी हळू म्हणाले. "आता दुसऱ्यांदा मीच नेऊ का?"

काकूंनी हाताचं पीठ झटकलं. मग आत गेल्या. भाकरी थापल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी शर्टाला इस्त्री केली नव्हती. मला म्हणाले, "सांग तिले, तू जिथं हायस तिथंच राय. मोठेबाबा नाराज नाहीत." मी सांगितलं. रेवानं हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. दुसऱ्यांदा उत्तर ऐकल्यावर ती उठून पळाली आणि पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची राहिली. पलीकडून तिचं हसणं ऐकू येत होतं. काका त्या खुर्चीकडे पाहत बसले. काकू त्या दिवशी फोनसमोर आल्याच नाहीत. नंतरही नाही.

फोन चालू राहिले, महिन्यातून एखादा. मला पुण्यात नोकरी लागली. गेल्या हिवाळ्यात बाबांचा फोन आला, काका जीपमध्येच गेले. गाडी उभी होती, स्टेअरिंगवर डोकं ठेवून झोपले असतील असं प्रवाशांना वाटलं.

मी गावी गेले. तेरवी झाल्यावर काकूंनीच फोन माझ्या हातात दिला. "तिले सांगा लागन ना," म्हणाल्या.

रेवा आता बरीच उंच झाली आहे. मी सांगितलं तेव्हा ती रडली नाही. खूप वेळ गप्प राहिली, आणि ते मला समजलं. मग तिनं विचारलं, मोठीआई आता एकटी आहे का?

मी काकूंना सांगितलं. त्यांनी इतक्या वर्षांनी फोनकडे तोंड केलं, पदर सावरला आणि रेवाकडे नीट पाहून घेतलं.

"नाही म्हन तिले," काकू म्हणाल्या.

मी तेवढंच सांगितलं.