मेक्सिकोचं पाणी

अख्ख्या वऱ्हाडात मेक्सिकोची बिअर पाण्यासाठी पिणारा माणूस एकच, आणि तो माझा साडभाऊ आहे. बाकीचे लोक बिअर चढते का ते पाहतात, थंड आहे का ते पाहतात, फुकट असेल तर काहीच पाहत नाहीत. साडभाऊ मात्र घोट घेऊन डोळे मिटणार, तो घोट जिभेवर इकडून तिकडे फिरवणार आणि म्हणणार, "विहीर उथळ हाय."

हा नाद त्यांना जन्मापासूनचा. त्यांचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं की डाळ शिजायला अर्धी सकाळ जाते आणि चहा फाटतो. त्या पाण्यावर वाढलेला हा गृहस्थ पुढे एस.टी.त कंडक्टर झाला आणि नोकरीभर प्रत्येक स्टँडवर उतरून पाणी पीत हिंडला. एका लग्नात आम्ही गंमत म्हणून त्यांच्यापुढे तीन ग्लास ठेवले. पहिला तोंडाला लावून ते म्हणाले, "धारणी." दुसऱ्याला म्हणाले, "वरूड. पण स्टँडवरचं नाई, संत्र्याच्या बागेतलं." तिसरा पिऊन त्यांनी यजमानांकडे पाहिलं. "हे तुमच्याच घरचं हाय. टाकी धुवा." त्या घरून आम्हा दोघांना पुन्हा आमंत्रण आलेलं नाही. अमरावतीला माझ्याकडे दोन दिवस राहायचं असलं तरी त्यांच्यासोबत पाच लिटरची कॅन असायचीच. माझी बायको, म्हणजे त्यांची मेहुणी, फणकाऱ्यानं विचारायची, "आमच्या पाण्यात काय विष हाय काय भाऊजी?" ते अगदी शांतपणे सांगायचे, "विष नाई, औषध जास्त हाय."

त्यांची बायको वारली तसे ते अकोल्याच्या घरात एकटेच राहू लागले आणि मी दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. मुलगा मेक्सिकोत, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यानं दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा यांनी 'पाणी मानवणार नाही' म्हणून टाळलं. तिसऱ्या वेळी सून बाळंत व्हायची होती. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता शेवटचं विचारून राहिलो. याच्यानंतर नाई विचारणार." साडभाऊ त्यानंतर दोन दिवस धड जेवले नाहीत. मला सगळं दिसत होतं. ते पाण्याला भीत नव्हते, परक्या मुलखात मरण आलं तर काय, याला भीत होते. पण हे तोंडानं म्हणायचं कसं? पाण्यावर ढकललं की माणसाचा मान राहतो. आणि या वेळी नाही म्हटलं तर पोरगा कायमचा तुटेल, हेही त्यांना कळत होतं.

शेवटी त्यांनी मला फोन केला. "मास्तर, मेक्सिकोचं पाणी कुठं भेटंन?"

मी म्हटलं, पाणी नाही भेटत, बिअर भेटते.

"बिअर म्हणजे तरी काय, पाणीच ना. घेऊन या."

जन्मभर पोरांना गणित शिकवलेल्या मी अमरावतीच्या दुकानात मान खाली घालून चार जातीच्या चार बाटल्या घेतल्या, पिशवीत घातल्या आणि वर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवून अकोल्याची गाडी पकडली. रविवारी दुपारी चारला मागच्या अंगणात कडुलिंबाखाली आम्ही बसलो. मोबाइलवर पाहून मी लिंबाच्या फोडी कापून ठेवल्या होत्या, मेक्सिकोत म्हणे त्या बाटलीच्या तोंडात खोचतात. साडभाऊंनी त्या बशीसकट बाजूला सारल्या. "पाणी लपवायचं असलं की लोक लिंबू पिळते. आमच्या गावात शरबत काहून एवढं होते?" बर्फही नको, थंडपणात चव कळत नाही म्हणून. अकोल्याच्या उन्हात कोमट बिअर पिण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

पहिली पांढऱ्या काचेची. "हलकं पाणी. अंगाले लागनार नाई." दुसरी ठेंगणी, पिवळ्या चिठ्ठीची. "याच्यात मका हाय. ज्वारीवाल्या माणसाले रोज जमनार नाई." तिसरी तांबूस. ती पिऊन ते जरा खुलले. "पोळीची कड करपते ना, तशी चव हाय. चांगली हाय, पण पाणी सापडून नाई राहिलं."

चौथ्या बाटलीचा त्यांनी घोट घेतला. मग पुन्हा एक घोट घेतला. डोळे भरून आले होते. "मास्तर, हे आपलं हाय. मागून खार येते, गावच्या विहिरीसारखी. तिथं राहू शकतो मी." आणि पोराला फोन करायला ते घरात गेले.

मी ती बाटली उचलली आणि चष्मा पुसून मागे चिकटवलेली चिठ्ठी वाचली. नाव मेक्सिकोचं होतं, पण बिअर आपल्याच देशात बनवलेली. आतून त्यांचा आवाज येत होता, "काढून टाक तिकीट." मी अंगठा ओला करून ती चिठ्ठी घासत बसलो, अक्षरं जाईपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा चुकलेलं उत्तर बरोबर धरलं.

त्याला आता पाच महिने झाले. नात झाली. परवा फोनवर ते म्हणाले, "मास्तर, इथं नळाचं पाणी कोणीच पेत नाई. घरोघरी कॅन येते. काहीच चव नाई तिले. आपण उगीच चार बाटल्या रिचवल्या." मला राहवेना. मी चिठ्ठीची हकीकत सांगून टाकली. मला वाटलं, तुटला आमचा संबंध.

पण ते म्हणाले, "तवा नाई सांगतलं, बरं केलं. सांगतलं असतं तर मी घरीच बसलो असतो, अन् पोराले पाण्याचं कारण देत मेलो असतो." मागून नात रडली. "थांबा, हिले घ्या लागते. माझ्याशिवाय राहत नाई." परतीचं तिकीट पुढे ढकललंय, हे जाता जाता सांगून त्यांनी फोन ठेवला.

बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कधी येऊन राहिले भाऊजी?" मी म्हटलं, इतक्यात नाही. मला आनंदच झाला होता. फक्त रविवारी दुपारी कुठे जावं, ते मात्र सुचत नाही.