मनकर्णाबाईनं ओढलेलं पान

जिंतुरात बसवेश्वरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, पण वेबसाइटी बनवायचा नाद दुकानापेक्षा मोठा. येलदरीच्या धरणाखाली नदीत मासे धरणाऱ्यांसाठी त्यानं फुकटात एक पान बनवलं होतं. आज पाणी सुटणार की नाही, एवढंच त्यावर दिसायचं. धरणावरून सूचना आली की तो दुकानातून पान बदलायचा.

नदीत उतरणारे फोन घरीच ठेवत. काठावर एकटी मनकर्णाबाई फोन घेऊन उभी राहायची. बोटानं पान खाली ओढून ताजं करायची आणि काय दिसतंय ते ओरडून सांगायची. तिच्या शब्दावर बारा माणसं पाण्यात उतरत. ते पान ती कधी बंद करत नसे, पुन्हा सापडलं नाही तर काय घ्या!

सोमवारी बसवेश्वरनं पानामागच्या फ्रेमवर्कची, म्हणजे ज्या आयत्या सांगाड्यावर ते पान उभं होतं त्याची, नवी आवृत्ती टाकली. नवं काही निघालं की याला दम कुठला! आपल्या फोनवर पान उघडून पाहिलं, झकास दिसलं, गडी खूश. उघडं पान ओढून बघायचं मात्र राहिलं.

मंगळवारी पाणी सुटणार होतं. त्यानं ते वेळेत लिहिलं. मनकर्णाबाईनं तीनदा पान ओढलं आणि तिन्ही वेळा कालचंच दिसलं: आज पाणी नाही. तिनं तसं ओरडून सांगितलं. तासाभरात पाण्याचा लोंढा आला. अकरा जण कसेबसे काठाला लागले, तिचा दीर सटवाजी खडकावर आपटला आणि त्याचा हात मोडला.

"बाईनं पान बघितलंच न्हाई," असं जो तो बोलू लागला. सटवाजीनं तर तिच्याशी बोलणंच टाकलं.

बसवेश्वरला दोष त्याच दुपारी सापडला. फ्रेमवर्क बनवणाऱ्यांना त्यानं इंग्रजीत तक्रार लिहिली: आवृत्ती बदलल्यापासून उघडं पान ओढलं तर जुनंच राहतं. परिणाम काय झाला, या रकान्यात आधी मोडलेला हात लिहिला. मग तो पुसून 'वापरणाऱ्यांची गैरसोय' असं लिहिलं. लाज वाटली, पण पाठवलं तेच.

शुक्रवारी उत्तर आलं. दोष आमचाच, दुरुस्त केलाय, आभारी आहोत. तो फोन घेऊन धावतच मनकर्णाबाईच्या घरी गेला.

"काकू, तुमची चूक न्हाई. त्यांनी कबूल केलंय, हे बघा."

"कुठले हायत ते?"

"लय लांबचे."

"आन तू रे बाबा? नवं टाकल्यावर तू पान वढून बघितलं व्हतंस का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं बसवेश्वरला.

"न्हाई काकू. न्हाई बघितलं."

"चार दिस झाले," ती म्हणाली, "मी माझ्याच बोटाला शिव्या द्यायलेय. मलाच वाटाय लागलं, आपुन वढलंच न्हाई."

मग तिनं पदर सावरला. "चल. हे सटवाजीपुढं बोल."