वाचवलेला धूर

धूर वाचवतो म्हणणाऱ्या एका कंपनीनं आमच्या चाळीतल्या बॉयलरवाल्या मामांना फसवलं. कागदावर सही माझी होती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मला कुणी भोळी समजू नये. लालबागमध्ये गिरणी संपापासून चिवडा विकते मी. मला येताना बघून भाजीवाला टोपली झाकतो.

मामा मिलमध्ये बॉयलरवर होते. कुणाच्याही दारात आले की माणसाकडे बघायचे नाहीत, आधी वर धुराड्याकडे बघायचे. संपात सगळी चाळ मिलच्या चिमणीकडे डोळे लावून बसलेली, धूर कधी निघतो म्हणून. मामा म्हणायचे, "निघूदे. पण पातळ निघूदे. काळा निघाला तर समजा, खाली कोणीतरी झोपलाय."

संपात माझी खानावळ बंद पडली आणि मी तळमजल्याच्या खोलीत चिवड्याची भट्टी पेटवली. धूर थेट मामांच्या खोलीत जायचा. ते खाली आले तेव्हा मी झारा हातात घेऊन भांडायला तयार होते. त्यांनी माझ्या पत्र्याच्या नळीकडे पाहिलं.

"वयनी, तुमची आग उपाशी आहे."

"उपाशी? पोटभर लाकूड घालते मी तिला."

"लाकूड नको. आधी वारो, मगे लाकूड. धूर म्हणजे उपाशी आग."

भट्टी फोडून नवी बांधतो म्हणाले. मी अट घातली, लाकूड कमी लागलं नाही तर महिनाभर मोळ्या तुम्ही वाहायच्या. त्यांनी मान हलवली. भट्टीचं तोंड अरुंद केलं, खाली जाळी बसवली, मागून वारा यायला वाट काढली. चार दिवसांचं लाकूड आठवडाभर पुरायला लागलं. वरच्या बायकांनी धुण्यावरून भांडणं थांबवली, त्याचं मला थोडं वाईटही वाटलं. माझा खोकला गेला. आज या वयात मी न थांबता तीन जिने चढते, ते या माणसामुळे.

पुढे मिल मोडीत निघाली. तिथलं लाकूड स्वस्तात मिळायला लागलं, तसं मी सूत गुंडाळायचे पोतंभर लाकडी बॉबिनही घासाघीस करून आणले. मामा जमिनीवर बसले आणि एकेक बॉबिन निवडून बाजूला ठेवायला लागले. "याच्यावर रोगण आहे, काळा धूर देईल." त्यातल्या निम्म्यांवर रोगण नव्हतं, ते मला दिसत होतं. मी आयुष्यात एकदाच गप्प बसले असेन, तर ते तेव्हा.

मग ते कंपनीचे साहेब आले. भट्टीची मापं घेतली, फोटो काढले, लाकूड तोललं. म्हणाले, पृथ्वी तापते आहे, तुम्ही वाचवलेला धूर आम्ही नोंदवतो, इथे सही करा. फुकट सही मी माझ्या सख्ख्या भावालाही देत नाही. तासभर भांडून मी धुराड्याला नवी स्टीलची नळी घेतली. जिंकले असं वाटलं मला. मामा तर हरखले होते. आपल्या भट्टीचा पृथ्वीला उपयोग, हे त्यांनी साऱ्या चाळीत सांगितलं.

दोन वर्षांनी दादरच्या एका सभागृहात आम्हाला बोलावलं. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. पडद्यावर आमची भट्टी, खाली नाव त्या साहेबांचं. मी उठणार होते, तेवढ्यात ते पुढचं बोलले. अशा भट्ट्यांनी वाचवलेला धूर परदेशातल्या एका कारखान्यानं विकत घेतला होता. मी बसल्या जागेवरून विचारलं, म्हणजे तो कारखाना आता धूर कमी सोडणार ना? साहेब हसले. म्हणाले, नाही आजी, तुम्ही जितका वाचवला तितका सोडायची त्याला मुभा मिळाली.

मामांचं नाव गेलं म्हणून मी इतकी ओरडले की माईक बंद करावा लागला. सगळं कागदावर होतं आणि तुम्ही सही केली आहे, असं मला सांगण्यात आलं.

मामांना नावाचं काहीच नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी आधी वर बघितलं. मग म्हणाले, "वयनी, आपण इथं वाचवला, त्यानं तिथं सोडला. मग वाचला कुठं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे दारात येऊन वर बघत होते. मी म्हटलं, आता कशाला बघता? म्हणाले, "आपली आग उपाशी ठेवायची नाही." जाईपर्यंत त्यांनी हा नेम मोडला नाही. ते गेले त्या दिवशी मी भट्टी पेटवली नाही, तरी येणारा-जाणारा शेजारी धुराड्याकडे मान वर करून बघत होता. सवय त्यांनीच लावलेली.

आता लाकडाची भट्टी बंद करा अशी महापालिकेची नोटीस आली म्हणून गॅस घेतला आहे. तक्रार नाही, मामांनीही घ्यायला लावला असता. ते बॉबिन माझ्या फळीवर आहेत. त्या साहेबांचा पत्ता मी शोधते आहे, आणि माझा त्यांना एकच सवाल आहे. माझ्या मामांनी वाचवलेला धूर कुठल्या चिमणीतून सोडला, कुणाच्या डोक्यावर सोडला? नाव सांगा. मी येऊन वर बघणार आहे.