कवळीवाल्यांच्या घरची टाकी

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. शहरातल्या पाच-सहा दातांच्या डॉक्टरांना ते कवळ्या बनवून देत. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची अरुंद खोली होती. तिथे प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी पावडरचे डबे आणि फळीवर ओळीनं मांडलेले बिनओठांचे जबडे. चाळीस वर्षं हेच काम. माणूस मुलखाचा अबोल. त्यांची बायको म्हणायची, "जगाला दात देता देता यांची जीभ तेवढी कुठेतरी राहून गेली."

दोघांच्या वाटणीचं ती एकटी बोलायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिनं तीस वर्षं काढली होती. आवाज असा, की तक्रार करायला फोन केलेला माणूस शेवटी आभार मानून फोन ठेवायचा. निवृत्त झाली तरी फोनची सवय काही सुटली नव्हती. परगावच्या लेकीशी रोज पाऊण तास गप्पा ठरलेल्या.

एका सकाळी दूध तापवताना तिच्या हातातलं पातेलं पडलं. ते उचलायला वाकली, ती उठलीच नाही. दवाखान्यात तीन आठवडे गेले. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. शब्द मात्र सापडत नाहीत."

घरी पुढच्या खोलीत लोखंडी खाट आली. दिवसा धाकटी मेहुणी बहिणीजवळ थांबे, संध्याकाळपासून कवळीवाले. आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणाऱ्या बाई येत. कप, कंगवा, चप्पल अशी चित्रं एकेक करून समोर धरत. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेली बाई त्या कपाकडे एकदा बघे आणि तोंड भिंतीकडे फिरवे.

अशात एका डॉक्टरांनी दवाखान्याची डागडुजी काढली. तिथल्या बाकांजवळ असलेली माशांची टाकी त्यांना नको होती. "न्या, कवळीवाले. वहिनींना बघायला काहीतरी होईल." चार फुटांची रिकामी टाकी हातगाडीवरून घरी आली. बायकोला उजवीकडचं नीट दिसत नसे, म्हणून त्यांनी ती खाटेच्या डाव्या हाताला, तिच्या नजरेच्या उंचीवर बसवली. वाळू घातली, पाणगवत लावलं, पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी दुकानातून डोळ्यांना भावले ते मासे आणले. दोन गोल्डफिश, दोन एंजल, डझनभर इवलेसे निऑन, मूठभर गप्पी. टाकी लग्नघरासारखी भरून गेली.

दहा दिवसांत निम्मे मेले. निऑन तर एकेक करून नाहीसेच झाले.

माशांचा दुकानदार तिशीतला, तोंडाचा फटकळ माणूस होता. त्यानं कपाळावर हात मारला.

"काका, मासे घेतलेत की भाजी? गोल्डफिशला गार पाणी लागतं, एंजलला कोमट. आणि निऑन कुठे गेले विचारताय? एंजलच्या पोटात गेले. त्याच्या तोंडात मावेल ते त्याचं जेवण."

"मग एकत्र ठेवतात कसे?"

"बघून ठेवतात. कुणाला कसलं पाणी चालतं, कोण वर पोहतं, कोण तळाशी राहतं, कोण भांडकुदळ आहे. नुसते रंग बघून आणले, की मग एकमेकांना पाण्यात पाहतात. अक्षरशः."

कवळीवाल्यांना हसू आलं नाही. ते खाली मान घालून घरी आले. उरलेले गोल्डफिश आणि एंजल परत केले. नव्या टाकीत एकदम गर्दी केली, की माशांच्याच घाणीनं पाणी विषारी होतं, हे त्यांना आता कळलं होतं. मग महिनाभर टाकीत उरलेल्या चार गप्पींशिवाय कुणाला ठेवलं नाही. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी काढायचं, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं घालायचं. जबड्याचा साचा घेताना हात जसा सावध चाले, तसाच तो आता टाकीत चालू लागला. महिन्यानंतर दुकानातून चार नवे एंजल आले, तळाशी मिशा हलवत फिरणारे पाच कॅटफिश आले, आणि दुकानदार सुट्टीवर असताना त्याच्या भावानं खपवलेले तीन टायगर बार्ब, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले.

तीन आठवड्यांनी एंजलचे लांब पर झिरमिळ्यांसारखे फाटायला लागले. रोग पडला, असं कवळीवाल्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी औषध आणून ओतलं. पाणी शाईसारखं निळं झालं आणि आतलं काही दिसेना.

त्याच दिवसापासून बायको बिथरली. डाव्या हातानं खाटेची कड बडवायची, घशातून आवाज काढायची. पाणी हवंय का? उशी वर करू? दिवा डोळ्यांवर येतोय? प्रत्येक प्रश्नाला ती मान हलवी आणि पुन्हा बडवी. मेहुणीनं हात टेकले. "भाऊजी, मला नाही समजत ताईचं. सकाळपासून असंच चाललंय."

तिसऱ्या दिवशी भात भरवताना बायकोनं त्यांच्या हातातला चमचा हिसकावला आणि टाकीच्या काचेवर फेकून मारला. कवळीवाल्यांचा तोल गेला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, कधी आवाज चढवला नव्हता. "अगं, काय हवंय काय तुला? मी काय काय म्हणून करू?"

ती रडायला लागली. एका बाजूनंच रडत होती, दुसरी बाजू तशीच स्थिर. त्यांना ते बघवेना. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, चमचा उचलला, आणि तिच्या शेजारी खाटेवरच आडवे झाले. डोकं तिच्या उशीला लावून.

औषधाचा निळा रंग एव्हाना फिकट झाला होता. आतापर्यंत ते टाकीजवळ गेले, की सगळे मासे खाण्याच्या आशेनं काचेपाशी गोळा होत, कसे शहाण्यासारखे. पण उशीवरून दिसत होतं ते निराळंच. खोलीत कुणी हललं नाही, तसा एक पट्टेवाला गवताआडून निघाला, एंजलच्या मागून आला, पराचा लचका तोडला आणि पसार झाला. थोड्या वेळानं दुसरा. एंजल कोपऱ्यात सरकला, तर तिसरा तिथे हजर.

"हा?" त्यांनी बोट दाखवलं. "हे पट्टेवाले चावतात त्याला? हे सांगत होतीस?"

तिनं डोळे मिटले आणि पहिल्यांदाच सैल पडली. टाकीत रोग नव्हताच. तीन आठवडे ती एकटी हे बघत होती आणि त्यांनी तेवढंही दिसेनासं केलं होतं.

दुकानदारानं बार्ब परत घेतले. "सहा-आठ जण असते, तर आपसांत पळापळी करून दमले असते. तिघंच, आणि समोर असे लांब पर. पण काका, हे तुम्ही ओळखलंत कसं?"

"मी नाही. हिनं."

त्यानंतर टाकीचा कारभार बायकोकडे गेला. संध्याकाळी घरी आले, की कवळीवाले हातपाय धुऊन खुर्ची खाटेला लावत आणि विचारत, "काय म्हणतंय आज?" ती बोटानं दाखवी. कोण जेवला नाही, कोण वर येऊन धापा टाकतोय, कुणी कुणाची जागा बळकावली. ज्यांना छत्तीस वर्षं घरात बोलावं लागलं नव्हतं, ते आता तासभर एकटे बोलत, चूक आणि बरोबर तिच्या डोळ्यांवरून ठरे. शिकवणाऱ्या बाईंनीही हे बघितलं आणि कप-कंगव्याची चित्रं पिशवीत ठेवून टाकीवरूनच शिकवायला घेतलं. पाच महिन्यांनी दुकानदारानं एक मोठा लालसर मासा कौतुकानं भेट दिला. कवळीवाले पिशवी टाकीवर धरून उभे होते, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"नको."

जाड, घसरता आवाज. मेहुणी स्वयंपाकघरातून धावत आली. कवळीवाल्यांनी पिशवी तशीच धरली. "नको म्हणालीस?"

"नको."

त्यांनी मासा परत नेऊन दिला. दुकानदार हसत म्हणाला, "काकूंचं बरोबर आहे. वाढला, की दादागिरी करतो."

पुढच्या दोन वर्षांत तिचे शब्द वीसच्या घरात गेले. लेकीशी फोनवर ती तीन-चार शब्द बोले आणि दमे. मग एका दुपारी दुसरा झटका आला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

लेक आली, पंधरा दिवस राहिली. "बाबा, चला माझ्याकडे. इथे एकटे काय करणार?"

"बघू. अजून हातात काम आहे." ते टाकीतलं पाणी नळीनं बादलीत काढत होते. बादली निम्मी भरली. मग ते म्हणाले, "मला एक सांग. तुझी आई कधी कधी उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं धरायची. एकेक करून दुमडायची, अंगठ्यापासून. चौथ्याशी थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी खूप विचारलं. चार दिवस? चार वाजता? चार माणसं? तुझं नाव घेतलं, एक्स्चेंजचं घेतलं. नाही. शेवटच्या आठवड्यातसुद्धा केलं तिनं. काय असेल ते?"

लेकीनं नकळत स्वतःची बोटं दुमडून बघितली, अंगठ्यापासून चौथ्यापर्यंत.

"नाही सांगता येत, बाबा."

"हं," ते म्हणाले. नळी उचलून त्यांनी काचेवर निथळली. "माशांचं तेवढं कळलं."

बादली जड झाली होती. लेकीनं दुसऱ्या बाजूनं कडी धरली आणि दोघांनी मिळून ती मोरीपर्यंत नेली.