जागा तुमचीच समजा

“बाई, जागा तुमचीच समजा,” सेक्रेटरी म्हणाले. “कमिटीच्या सह्या झाल्या की कळवतो.”

लढाईचे दिवस होते. नसरापूरला एक मंडळ प्रसूतिगृह काढणार होतं आणि त्यांना मिडवाइफ हवी होती. मिडवाइफ म्हणजे परीक्षा दिलेली सुईण. मी पुण्याच्या हॉस्पिटलात ट्रेनिंग घेऊन नुकतीच वरव्याला आईकडं आले होते. नवरा वारलेला. आईचं एक अंग लुळं पडलेलं, सगळं अंथरुणात. तिला सोडून लांब जाणं शक्य नव्हतं. नसरापूरला पायी जाऊन संध्याकाळी घरी येता आलं असतं.

महिना गेला. मी ऑफिसात गेले. “सह्या व्हायच्यात,” सेक्रेटरी म्हणाले. पुढच्या खेपेला म्हणाले, “डॉक्टर ठरतोय.” मग सर्टिफिकेट पुन्हा मागितलं. मला बरंच वाटलं. कागद मागतात म्हणजे काम चाललंय.

पावसाळ्यात पुण्याच्या मेट्रनचा, म्हणजे नर्सांच्या मुख्य बाईंचा, निरोप आला. जागा आहे, लगेच या.

मी सेक्रेटरींना विचारलं, “इथलं नक्की ना? तर मी पुण्याला नाही म्हणून कळवते.”

त्यांनी टेबलावरची टाचणी उचलली, परत ठेवली. “धीर धरा, बाई.”

मी पुण्याला ‘नाही’ म्हणून कळवून टाकलं.

आई रोज विचारायची, “आलं का गं काई?” पुढं तिनं विचारणंच सोडलं. ते मला जास्त लागलं.

दिवाळीच्या आधी गेले, तर ऑफिसच्या खोलीत धान्याची पोती रचलेली. अंगण झाडणाऱ्या सखूबाईंनी मला ओळखलं.

“अजून हेलपाटे घालताय व्हय? त्यांनी दवाखान्याचं कवाच रद्द केलं. तुमाला न्हाई सांगितलं कुनी?”

मी सेक्रेटरींना घरी गाठलं.

“रद्द करायचं उन्हाळ्यातच ठरलं होतं,” ते खाली बघत म्हणाले. “तुम्ही इतक्या आशेनं यायचात. सांगवेना.”

मी तशीच मागं फिरले. घरी येऊन पुण्याला पत्र टाकलं.

पुण्याची जागा भरली होती. शेवटी मिळाली ती सोलापूरला. आईला मावशीच्या हवाली केलं. निघताना तिनं चांगल्या हातानं माझा पदर धरला. मला तो सोडवून घ्यावा लागला. ती गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते. वरव्याला पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

पुढं मी स्वतः मेट्रन झाले. जिला घ्यायचं नाही, तिला समोर बसवून मी त्याच दिवशी तसं सांगायचे. मुली रडायच्या. मग डोळे पुसून दुसरीकडं अर्ज करायला जायच्या.