बुलेटसाठी बसलेली शालनमावशी

शालनमावशीला बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. ती जेवायचीसुद्धा ओट्याला टेकून, उभ्यानं. म्हणून एक्याण्णव साली अंबरनाथ पश्चिमेच्या तिच्या खोलीत शिरताना मी दारातच थबकले. मावशी चक्क मांडी घालून बसली होती. शेजारी तिचा कुत्रा बुलेट, मागच्या पायाला प्लास्टर.

टेम्पोखाली पाय मोडला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून हाडात सळी घातली आणि बजावलं, "पळणं नाही, उडी नाही. सळी हलली तर पाय कापावा लागेल."

"आणि नाव काय, तर बुलेट!" मावशीचे यजमान भगवानकाका म्हणाले. "शिलाई मशीनला बांधला, तर मशीन घेऊन निघाला ना दारापर्यंत!"

"कुत्र्याला मशीनला बांधतात होय? तुमच्या डोक्यात पण एक सळी घालून घ्या," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी उठले की हा उठतो गं. मग बसले."

बस्स, एवढंच. कॅम्प तीनच्या ज्या जीन्स कारखान्यात ती कामाला जायची, तिथलं काम तिनं घरी मागून घेतलं. रिक्षातून जीन्सचे गठ्ठे यायचे, ती बसल्या जागी लोंबते दोरे कापायची. स्वयंपाक काकांकडे गेला.

"आमटीत मीठ किती?"

"तुमच्या अंदाजानं."

"माझा अंदाज तुला माहितेय!"

"म्हणूनच भात जास्त लावा."

अन् चौदा एप्रिल उजाडला. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमची पहिली रांग मावशीची, आणि रांगेपुढे नाचणारा बुलेट, दरवर्षी. संध्याकाळी ती कोरी पांढरी साडी नेसून बसली होती. गल्लीच्या तोंडाशी ताशा कडाडला. बुलेटचे कान ताठ.

"शालन, ये गं!" बाहेरून चांगुणाकाकूची हाक. "तुझ्यावाचून रांग निघेल का?"

"तू ने!"

ताशे दाराशी आले. बुलेट उठला, झेपेसाठी अंग मागे ओढलं. काका धावले.

"धरू नका! झटापटीत सळी हलेल."

तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि वंदना सुरू केली. रोज वंदना सुरू झाली की बुलेट पायांवर हनुवटी टेकून पडतो. पण आज बाहेर एवढा दणका! मावशीनं आवाज चढवला नाही. उलट बारीक करत नेला, त्याला कान द्यावा लागेल इतका. "बुद्धं सरणं गच्छामि..."

बुलेटच्या बरगड्यांवरचं कातडं थरथरत होतं. काका भिंतीला चिकटलेले. मीही नकळत हात जोडले. वंदना संपली, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. ताशा दारातच घुमत राहिला आणि त्या दणक्यात बुलेट हळूहळू खाली बसला. मग हनुवटी टेकली.

सळी जागची हलली नाही, पाय वाचला, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मला ते तेव्हाच दिसलं होतं.

मिरवणूक पुढे सरकली. मावशीनं डोळे उघडले आणि बुलेटच्या पाठीवर हात ठेवून मला हळूच म्हणाली, "दारात जाऊन बघ गं. चांगुणाची रांग सरळ जातेय का?"