कप्तानाची बोली

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बसस्टँडवर अकोल्याच्याच गाडीची वाट पाहत होते. दवाखान्यातल्या दादाला भेटायला निघाले होते, गाडीत बसले ती त्याच्या मातीला. रडू आलं नाही. ते नंतर आलं. त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमानंतर मात्र राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मिलिंददादा माझा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यात नोकरी, पातूर, बाळापूर, अकोला अशा बदल्या, आणि जीव अडकलेला रेडिओवरच्या विज्ञान-श्रुतिकांमध्ये. परग्रह, यंत्रमानव, काळात हरवलेली माणसं... श्रुतिका लागली की घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. सगळ्यात लाडकी होती ती हवा नसलेल्या ग्रहाची. हवा नाही म्हणून आवाज नाही, आणि ते रेडिओवर ऐकवायचं! अर्धा वेळ नुसता अंतराळवीराचा श्वास. आई म्हणायची, रेडिओ बिघडला. दादा तोंडावर बोट ठेवून बसायचा. नंतर त्यानं ती मला इतक्यांदा करून दाखवली, की श्वास कुठं अडतो तेही मला पाठ झालं. एकच गोष्ट त्याला टोचायची. "परग्रहावरचे लोकं बी पुण्यावानीच काहून बोलतात वं?"

मग त्यानं स्वतःच एक लिहिली. यान मंगळावरून परततंय, इंधन संपत आलंय, आणि नियंत्रण कक्ष आहे पातूरच्या लेण्यांत. कप्तान वऱ्हाडी. विनोदासाठी नाही हं. तो घाबरतो, घरच्यांची आठवण काढतो, सोबतच्यांना धीर देतो, सगळं वऱ्हाडीत. आम्ही ती आधी घरीच टेप करायला घेतली. यानाची घरघर म्हणजे टेबलफॅनपुढं धरलेला पिठाचा रिकामा डबा. कप्तान तो, नियंत्रण कक्ष मी. त्याचे संवाद झाले, माझ्या उत्तरांसाठी त्यानं मध्ये मध्ये जागा सोडल्या. तेवढ्यात, त्यानं श्रुतिका पाठवली होती त्या रेडिओ केंद्राचं बोलावणं आलं आणि घरची टेप तशीच राहिली.

केंद्रावरच्या साहेबांनी कौतुक केलं. कल्पना छान आहे म्हणाले, फक्त कप्तान 'असं' बोलला तर गांभीर्य राहत नाही. श्रुतिका लागली तेव्हा आम्ही सगळे रेडिओभोवती. कप्तान शुद्ध बोलत होता, पातूरची मुंबई झाली होती, आणि वऱ्हाडी उरली होती यानातल्या स्वयंपाकी यंत्रमानवाच्या तोंडी. तो सारखा म्हणायचा, मले भूक लागली. यंत्रमानवाला भूक! शेजारी पेढे मागायला आले, दादानं दिले. ते गेल्यावर मला म्हणाला, "मी कप्तान लिवला होता. त्याईनं जोकर केला."

ऐकणं त्यानं सोडलं नाही. मोबाइल आल्यावर तर इंग्रजी श्रुतिकाही ऐकायचा, अर्ध्या कळायच्या, तरी. पण लिहिलं मात्र पुन्हा कधीच नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात अकोल्यातल्या नाटकवाल्यांपैकी एकानं मोबाइल माईकजवळ धरला आणि 'मिलिंदभाऊंची आठवण' म्हणून नेमका तो यंत्रमानव ऐकवला. माणसं हसली. आमचीच माणसं, घरी मले-तुले बोलणारी. वहिनी मान खाली घालून बसली होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं, आणि त्यानंच जास्त जळतं. साहेबांवर रागावणं सोपं असतं हो.

आणि मी तरी काय करतेय? हा लेख पुस्तकी मराठीतच लिहितेय. वऱ्हाडीत लिहिला असता तर तुम्ही पहिल्याच ओळीला गालात हसला असता, आणि भाऊ गेल्याचं सांगताना मला ते नको होतं.

निघताना वहिनीनं दादाचा जुना टेपरेकॉर्डर आणि ती घरची टेप माझ्या पिशवीत घातली. आता तो माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यावर असतो. संध्याकाळी लावते. डब्याची घरघर येते, मग दादाचा तरुण आवाज. "पातूर... आमी खाली येऊन राहिलो. आवाज येते का?" पुढं माझ्यासाठी सोडलेली जागा. टेप नुसती फिरत राहते. नीट कान दिला तर त्याचा श्वास ऐकू येतो. तो उत्तरासाठी थांबलेला असतो.

मी भाकरी थापायची थांबते.

"येते, दादा. ये तू खाली. अठी कोनी हासत नाही."